नऊ वाजताची सावली

“आणि यात माझी दोरी कुठे आहे?” एवढंच विचारलं तिने. जेवणाच्या टेबलावर आमच्या होऊ घातलेल्या माडीचे नकाशे पसरले होते. प्लॉटरमधून गुंडाळी होऊन आलेले कागद कितीही उलटे वळले तरी पुन्हा गोल व्हायला बघतात, म्हणून एका कोपऱ्यावर शंकरपाळ्यांचा डबा, दुसऱ्यावर चहाचा मग, तिसऱ्यावर मुलीची कंपासपेटी असं वजन ठेवलेलं. शेजारच्या नान्नाने चष्मा कपाळावर सरकवला, कागदाला नाक लागेल इतकी वाकली आणि स्वतःच्याच परसावर बोट टेकवलं. नखाच्या कडेला माती होती. बोटाखाली राखाडी रेघांचा एक तिरका पट्टा होता आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं : २१ जून, सकाळी ९. मी म्हटलं, कपड्यांची दोरी नकाशात दाखवत नाहीत, फक्त घर, झाडं, कुंपण, खिडक्या. ती “हं” म्हणाली, अजून एक शंकरपाळं उचललं आणि बोलणं तिच्या गुडघ्यावर गेलं.

त्या “हं”ने माझी झोप उडाली असं लिहिलं तर खोटं होईल. झोप लागत होती. पण आमचं सिंक नेमकं तिच्या बाजूच्या खिडकीखाली आहे. दिवसातून तीनदा भांडी घासताना समोर तीच दोरी.

नान्ना म्हणजे शेजारच्या माल्टीज आजी. माल्टाच्या भाषेत आजीला नान्नाच म्हणतात, आणि आमच्या मुलांनी तिच्या नातवंडांचं ऐकून तेच उचललं. माझी आई पहिल्यांदा सिडनीला आली तेव्हा तिला हसू आवरेना, “अगं, बाईला नाना कसं म्हणता तुम्ही?” सिडनीच्या पश्चिमेला माल्टाहून आलेली अशी घरं पुष्कळ आहेत, महायुद्धानंतर बोटी भरभरून आलेली माणसं. त्यांनी फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पातळ पत्र्यांची बैठी घरं बांधली, मागे लिंबं आणि अंजिरं लावली, मुलं मोठी करून नव्या वस्त्यांत पाठवली आणि आता त्या घरांच्या अधूनमधून आमच्यासारखे लोक येऊन बसलेत. आम्ही येऊन नऊ वर्षं झाली. बाबा गेल्यावर आई वाईच्या घरात एकटी पडली. तिला गुडघ्यांमुळे खालचीच खोली हवी, म्हणजे मुलांना वर पाठवायचं, म्हणजे वर काहीतरी बांधायचं, म्हणजे डीए. इथे डीए म्हणजे महागाई भत्ता नव्हे. बाबा शाळामास्तर होते, त्यांच्या तोंडी डीए म्हणजे वर्षातून दोनदा येणारी चांगली बातमी. इथे डीए म्हणजे डेव्हलपमेंट ॲप्लिकेशन, कौन्सिलकडे करायचा बांधकामाचा अर्ज, आणि पार्टीत कुणी “डीए टाकलाय” म्हणालं की बाकीचे आजारपणाची चौकशी करावी तशा आवाजात विचारतात, “किती महिने झाले?”

कागद जमवायला मला आवडतं, हे कबूल करते. आधी सर्व्हेअर आला. तिपाईवर यंत्र लावून त्याने आमच्या जमिनीची उंची समुद्रसपाटीपासून मोजली, गटाराच्या काँक्रीटमध्ये एक खिळा ठोकला आणि म्हणाला, आता सगळं या खिळ्यावरून. त्याच्या नकाशात नान्नाच्या घराचा आढा किती उंच, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा तळ कुठे, हेसुद्धा मिलिमीटरमध्ये आलं. मग बेसिक्स प्रमाणपत्र, म्हणजे घर पाणी-वीज किती वाचवतं त्याचं. हे २००४ पासून आहे. नवी खिडकी कुठल्या दिशेला, काच कसली, नळ किती पाणी सोडतो, सगळं भरा. प्रमाणपत्र निघाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे, नाहीतर ते शिळं. मग पाडकामातून निघणाऱ्या कचऱ्याचा आराखडा : विटा किती, लाकूड किती, कुठल्या डेपोत जाणार. आमच्या जुन्या भिंतींच्या फायब्रोत ॲस्बेस्टॉस आहे. दहा चौरस मीटरच्या वर काढायचा तर परवानेवालाच लागतो. तो पानभर तक्ता भरताना मुलाने विचारलं, “आपण इतकी वर्षं विषाच्या घरात राहतोय?” मी म्हटलं, भोक पाडलं नाही तर काही होत नाही. उत्तर बरोबर होतं, पण त्या रात्री मी भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा जरा जास्त वेळ बघत बसले.

पैसे वाचवायला एक कागद मी स्वतः लिहायला घेतला. त्याचं नाव ‘स्टेटमेंट ऑफ एन्व्हायर्नमेंटल इफेक्ट्स’. नाव धरणाला शोभेल असं, पण एका माडीसाठीही लागतं. न्यू साउथ वेल्सच्या १९७९ च्या नियोजन कायद्यातलं कलम ४.१५ सांगतं की परवानगी देणाऱ्याने काय काय बघायचं. त्यात प्रस्तावाचा आजूबाजूवर होणारा परिणामही आला. म्हणजे हे पत्र मालकाने स्वतःविरुद्ध द्यायची साक्षच : मी काय बांधतोय, आणि त्याने दुसऱ्याचं काय बिघडेल. साहजिकच सगळे ते बचावाच्या वकिलासारखं लिहितात. मी नमुन्यादाखल सात-आठ वाचले. “नजरेचा त्रास : किमान. आवाज : किमान. सावली : किमान.” मीही लिहिलं. शेजारच्या मिळकतीवर पडणाऱ्या सावलीचा परिणाम किमान आहे. इंग्रजीत ते वाक्य इस्त्री केल्यासारखं बसलं. मराठीत मनातल्या मनात म्हणून बघितलं तर तिथे ‘नगण्य’ आलं, आणि नगण्य म्हणजे जे मोजायच्याही लायकीचं नाही ते. इथे तर मोजून मोजून घाम निघाला होता.

सावलीचे नकाशे तीन असतात : २१ जूनला सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन. इथला वर्षातला सगळ्यात लहान दिवस. सूर्य सात वाजता उगवतो, पाचच्या आत मावळतो, आणि वाईच्या माणसाचा पहिली काही वर्षं गोंधळ होतो तो असा की तो उत्तरेकडून जातो. आम्ही घर घेताना दक्षिणेला अंगण म्हणून खूश होतो. इथल्या मैत्रिणीने कपाळाला हात लावला. बारा वाजताही त्या दिवशी सूर्य तेहतीसेक अंशांवरच असतो, म्हणजे साडेसात मीटरच्या आढ्याची सावली भर दुपारी पावणेबारा मीटर लांब. सकाळी नऊला त्याच्या दुप्पट, आणि तिरकी, नैर्ऋत्येकडे. आमच्या नैर्ऋत्येला नान्नाचं मागचं परस. नियम काय म्हणतो? नऊ ते तीनमध्ये शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेपैकी निम्म्या भागाला तीन तास ऊन मिळालं पाहिजे. अकराला सावली तिच्या परसातून सरकून छपरावर जाते, पुढे तीनपर्यंत ऊनच ऊन. चार तास. नियमात बसतं, वर तासभर शिल्लक.

फक्त नान्ना कपडे आठला वाळत घालते.

वाईत आम्ही माडी चढवली ते १९९३ साल. मधल्या आळीत घर, पश्चिमेला रस्ता, पूर्वेला शेजारच्या काकूंचं अंगण. बाबांची फाइल पिवळ्या पुठ्ठ्याची होती, लाल नाडीची, आणि ती कोठीत तांदळाच्या डब्यावर ठेवलेली असायची कारण घरातली सगळ्यात कोरडी जागा ती. सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती, आजोबांच्या खरेदीखताची नक्कल, दोन चुलत्यांची स्टॅम्पपेपरवर संमती. धाकटे काका मुंबईला होते, त्यांची सही आणायला बाबा रात्रीच्या एसटीने गेले आणि सकाळच्या गाडीने परत आले. मला आठवतो तो मात्र वास. नकाशाच्या अमोनिया प्रिंट काढून आणल्या की नाकात झिणझिण्या यायच्या, डोळ्यांतून पाणी. मग ड्राफ्ट्समनकाका त्यांच्यावर रंग भरायचे : नवीन बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या रेघांत. शाळेतल्यासारख्या रंगाच्या वड्या, बशीत पाणी. मी शेजारी बसून बघायचे. आमच्या माडीचा लाल रंग एकदा रेघेबाहेर गेला तर काकांनी जिभेने बोट ओलं करून तो पुसला होता.

खरेदीखत बाबा मोठ्याने वाचून दाखवायचे, कारण त्यांना त्याची भाषा आवडायची. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत. पूर्वेस अमुक यांचे घर, दक्षिणेस तमुक यांची सामाईक भिंत. आमचं घर कुठे आहे हे शेजाऱ्यांची नावं घेतल्याशिवाय सांगताच येत नसे. इथे नान्ना नकाशात म्हणजे एक लॉट नंबर आणि एक डीपी, म्हणजे नोंदवलेल्या नकाशाचा, नंबर. तरी वाईबद्दल गळा काढणार नाही मी. त्याच दक्षिणेच्या तमुकांशी आमचं दोन पावसाळे बोलणं बंद होतं, माडीच्या पागोळ्यांचं पाणी त्यांच्या ओट्यावर पडतं म्हणून. शेवटी बाबांनी पत्र्याची पन्हळ लावली तेव्हा कुठे संक्रांतीला तिळगूळ आला. खताच्या शेवटी ती प्रसिद्ध यादी असते, मिळकतीबरोबर काय काय तुमचं झालं त्याची : जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. पुरलेल्या धनापर्यंत सगळं आलं त्यात. ऊन नाही आलं.

येणार कसं? वाईत ऊन कुणाला कमी पडलं होतं? मे महिन्यात एक दिवस असा येतो की दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते; बाबा मुलांना पटांगणात काठी रोवून ते दाखवायचे. आणि २१ जूनचं म्हणाल तर वाईत त्या दिवशी सावलीचा प्रश्न नसतो, बहुधा ढगच असतात. माडी झाल्यावर चैत्र-वैशाखात तिसऱ्या प्रहरी तिची सावली काकूंच्या अंगणात पडायला लागली. काकूंनी तिथे सतरंजी टाकली, आळीतल्या चार बायका जमवल्या आणि पापड लाटायला बसल्या. “मास्तर, तुमची सावली लई गुणाची,” असं म्हणायच्या, आणि लाटलेले पापड वाळायला मात्र आमच्या नव्या गच्चीवर पाठवायच्या. आमच्याकडे सावली देतात. मोठ्या माणसाची सावली असते, घराची असते, जिच्या सावलीत वाढलो असं आपण म्हणतो. कुणाच्या अंगावर सावली टाकली म्हणून माफी मागायची असते, हे मला चाळिशी उलटल्यावर एका सरकारी फॉर्मने शिकवलं, आणि तेही मला नीट शिकता आलेलं नाही, कारण अकराव्या मजल्याच्या सावलीत वाढलेल्या मुंबईतल्या मावसबहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “तुमच्याकडे लोकांना उद्योग नाहीत.”

तर नान्नाची दोरी. दोरी म्हणायची एवढंच, तो हिल्स हॉइस्ट आहे : अंगणाच्या मधोमध लोखंडी खांब, वर कापड उडालेल्या छत्रीसारख्या चार काड्या, त्यांच्यामध्ये तारांचे चौकोन. ॲडलेडच्या लान्स हिलने १९४५ मध्ये परसात बसून बायकोसाठी असा एक बनवला आणि मग ते देशभर गेले. खांबाला हँडल असतं. नान्ना आधी सगळं खाली घेते, सोमवारच्या चादरी आतल्या तारांवर, टॉवेल बाहेर, मग दोन्ही हातांनी हँडल फिरवून अख्खा संसार वर चढवते. करकर आवाज येतो. वारा आला की ते सगळं गोल फिरतं. ड्रायर तिच्याकडे आहे, मुलाने आणून दिलेला. त्यावर ती लोणच्याच्या बाटल्या ठेवते. दोरीच्या कडेने तिचा वाफा. एप्रिलच्या २५ तारखेच्या, म्हणजे ॲन्झॅक डे या इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या आसपास, ती त्यात ब्रॉड बीन्स टोचते, वालाचे थोरले भाऊ म्हणावेत असे. माल्टीजमध्ये त्याला ‘फूल’ म्हणतात. पहिल्या वर्षी ती कुंपणावरून म्हणाली, “माझी फूल बघायला ये,” आणि मी फुलंच शोधत राहिले. गंमत म्हणजे फुलं येतातही सुंदर, पांढऱ्यावर काळा ठिपका, काजळ लावल्यासारखी.

मी ड्राफ्ट्समनला फोन केला. चांगला मुलगा आहे, उगाच बिल वाढवत नाही. म्हटलं, शेजारच्या परसातली कपड्यांची दोरी सावलीच्या नकाशात दाखवता येईल का? तो थांबला. मग हळूच म्हणाला, दाखवता येईल, पण कशाला? नियमात बसतंय. विचारलेलं नसताना उत्तर द्यायचं नसतं. मला एकदम अमोनियाचा वास आला. वाईचे ड्राफ्ट्समनकाकाही बाबांना हेच सांगायचे, “मास्तर, विचारलं तरच सांगा,” आणि मास्तर पेशाने असे की न विचारलेलंच जास्त सांगायचे. मी माडी मागे सरकवायची किंमत विचारली. पायऱ्या हलणार, खालची तुळई बदलणार, इंजिनिअरचे कागद नव्याने. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी “बघते” म्हणाले. नवऱ्याला तर मी तो आकडा सांगितलाच नाही. माझा चांगुलपणा किती मीटरचा आहे ते मला त्या फोनवर नेमकं कळलं : दोरी नकाशात दाखवण्याइतका आहे, भिंत हलवण्याइतका नाही.

नकाशाची सुधारलेली आवृत्ती, रिव्हिजन सी, आली. तिच्या परसात एक लहानसं तुटक वर्तुळ, त्यात फुली. नऊच्या नकाशात ते सबंध राखाडीखाली, बाराच्या नकाशात मोकळं. मी माझ्या पत्रातलं ‘किमान’ खोडलं आणि लिहिलं की दक्षिणेच्या शेजाऱ्यांच्या कपडे वाळवायच्या जागेवर हिवाळ्यात सकाळी अकरापर्यंत सावली राहील. वाक्य ओबडधोबड झालं, इस्त्री मोडली. एक प्रत नान्नाला नेऊन दिली. तिने वर्तुळ लगेच ओळखलं. वर्गाच्या फोटोत आपलं डोकं सापडल्यासारखा चेहरा झाला तिचा. मी नऊ आणि बाराच्या मधला सरकता पट्टा बोटाने दाखवला, अकराला ऊन येतं म्हणाले. “जूनचे अकरा ना? उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात ते नव्हेत?” तिने विचारलं. जूनचेच, म्हटलं. तिने कागदाची घडी घातली आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकली, सेंट ॲन्थनीच्या शेजारी.

मेच्या शेवटी पोर्टलवर सगळं चढवलं. एका फाइलचं नाव त्यांच्या पद्धतीने नव्हतं म्हणून तीनदा परत आलं, तो दोष माझाच. मग वाट. इथला हिशोब असा की ४० दिवसांत निर्णय झाला नाही तर अर्ज नाकारला असं मानून तुम्हाला कोर्टात जाता येतं. आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्यात उलट : ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं मानायचं. बाबांना ते कलम तोंडपाठ होतं. त्याच्या जोरावर एक वीट तरी लावली असती का, असं मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण त्यांची परवानगी वेळेत आली. आमचे ४० दिवस जुलैत उलटले. मधे कौन्सिलचं पत्र आलं, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची आणखी माहिती द्या म्हणून. पागोळ्या! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “पन्हळ लावा आणि तिळगूळ द्या.” अर्जाची नोटीस शेजाऱ्यांना चौदा दिवस होती. कुणाचीही हरकत आली नाही. नान्नाचीही नाही. ती येईल असं मला वाटत होतं का, यावी असं कुठेतरी वाटत होतं का, याचा मी नीट विचार केलेला नाही.

परवा सोमवारी मी घरून काम करत होते. सकाळची भांडी घासायला उभी राहिले तेव्हा आठ वाजून गेले होते. समोर नान्ना वाफ्यात, बीन्सच्या काजळ लावलेल्या फुलांमध्ये खाली वाकलेली, आणि ओल्या कपड्यांची टोपली मागच्या पायरीवर. रात्रीच्या दवाने गवत पांढुरकं होतं. आमचं घर अजून बैठंच आहे, त्यामुळे ऊन कुंपण ओलांडून थेट तारांवर आलेलं, तारा नुसत्या चमकत होत्या. एक मॅगपाय पक्षी वर येऊन बसला आणि गेला. नऊची मीटिंग संपवून मी चहाला आले तरी टोपली तिथेच. दहा वाजता टोपली तिथेच. नान्ना पायरीवर, टोपलीशेजारी, मांडीवर हात ठेवून बसलेली. तिच्या पायांवर, टोपलीवर, सबंध परसात लख्ख ऊन. अकराला दोन-तीन मिनिटं असताना ती उठली, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, दोरी खाली घेतली आणि पहिली चादर झटकली. मग मी खिडकीत दिसले तिला. तिने तोंडातला चिमटा काढला आणि तो धरलेलाच हात हलवला.